बारला राहिलेलं तेल

"खाला, हा बार चिकटतोय. पुसा की जरा," दुसरी फेरी संपताच अनीसने हाक मारली.

मबरूका उठली, पण लगेच नाही. महिन्यापूर्वी ट्यूनिसहून आलेल्या प्रशिक्षकाने हाक मारली म्हणून धावायला ती काही त्याची सून नव्हती. हा हॉल बावीस वर्षं तिने झाडला-पुसला होता. हँडबॉलच्या पोरी चेंडू हातात बसावा म्हणून बोटांना राळ फासतात, मग ती राळ दारांना, बाकांना, फरशीला लागते आणि निघते फक्त ऑलिव्हच्या तेलाने. मबरूकाने तेलाचा बोळा फिरवून सिंगल बार चकचकीत केला.

"राळ फासून लटकता होय गं? माकडांना तरी अक्कल असते," ती म्हणाली. पोरी हसल्या.

सर्किटचे, म्हणजे व्यायामाच्या एका फेरीचे, आठ थांबे होते. जोर, बैठका, जड चेंडू भिंतीवर मारणं, असं एकेक करत सातव्या थांब्याला बार, आणि शेवटी बाकावरून उड्या. प्रत्येक ठिकाणी अर्धं मिनिट. बारवर मात्र तिन्ही फेऱ्यांत प्रत्येकी सहा वेळा हनुवटी दांडीच्या वर यायला हवी. जिची येणार नाही ती या मोसमात संघात नाही, हे अनीसने सकाळीच सांगून टाकलं होतं.

दालेंदा कप्तान, म्हणून रांगेत पुढे. चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. तिसऱ्या फेरीत ती बारला लटकली आणि तिसऱ्याच वेळी हात सुटून गादीवर आपटली. पुन्हा लटकली, पुन्हा सुटली. शिट्टी झाली. तिच्यामागून आलेल्या पोरींनी सहा-सहा काढले.

"वय झालं माझं," असं म्हणत दालेंदाने तळवे बनियनला पुसले. पांढऱ्या कापडावर पिवळट डाग पडला.

तो डाग मबरूकाने ओळखला. तेलानंतर ती नेहमी साबणाचं पाणी मारते. आज पोरींना बोलण्याच्या नादात ते राहिलं होतं, आणि पहिल्या तळव्यांनी सगळं तेल पुसून नेलं होतं.

अनीसने वहीत दालेंदाच्या नावावर रेघ मारली. मबरूका गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आजवर तिने नवऱ्यापुढे चूक कबूल केली नव्हती की सासूपुढे. दोघंही त्याची वाट बघत वारले.

तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

"अरे, ती रेघ खोड."

"का हो, खाला?"

"बारला तेल राहिलं होतं. मी ठेवलेलं. तिचा बनियन बघ."

अनीसने डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या सकाळी पुन्हा घेऊ."

"उद्या नको," दालेंदा म्हणाली. "उद्या मी ताजी असेन. या पोरी दमलेल्या अंगाने लटकल्यात. आत्ताच घ्या, अख्खी फेरी."

"अगं बये, तो देतोय तर घे ना," मबरूका म्हणाली.

"तुम्ही घेतलं असतं, खाला?"

मबरूकाने बार साबणाने धुतला, कोरडा केला आणि त्रेसष्ट वर्षांचं आपलं शरीर दोन्ही हातांनी त्याला लोंबकळवून पाहिलं. हात सरकला नाही. कुणी हसलं नाही.

दालेंदाने एकटीने फेरी सुरू केली. जोर, बैठका, चेंडू. सातव्या थांब्यापर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. ती लटकली. पोरी मोठ्याने मोजत होत्या. पाचव्यानंतर मोजणं थांबलं. कोपरं थरथरली, हनुवटी दांडीच्या बोटभर खाली येऊन थबकली. पकड घट्ट होती. अंगच वर गेलं नाही. शिट्टी झाली.

अनीसने मबरूकाकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "सहा धरू?"

"मला काय विचारतोस? ती आहे ना समोर."

"पाच," दालेंदा म्हणाली.

अनीसने वही मिटली आणि घड्याळ खिशात टाकलं. पोरी पाण्याच्या बाटल्यांकडे वळल्या. शेवटचा थांबा उरला होता, पण दालेंदा संघाबाहेर गेल्यावर तो करण्यात आता अर्थ नव्हता, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

दालेंदा बाकापाशी गेली आणि उड्या मारू लागली.

अनीसने घड्याळ पुन्हा बाहेर काढलं. मबरूका कडेच्या बाकावर बसायला निघाली होती. ती तिथेच उभी राहिली, अर्धं मिनिट पुरं होईपर्यंत.