अमृतमत्स्य आणि एक बांगडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये हातभर लांबीचा पट्टेरी मासा दोन तास पाण्याबाहेर निपचित पडला होता.

"हा अमृतमत्स्य! सात समुद्रांत एकच!" महाराज गरजले. "गेला बिचारा! पण आमच्या तीर्थापुढे यमसुद्धा हात हलवत परत जातो!"

त्यांनी मासा तीर्थाच्या काचेच्या टाकीत सोडला. मिनिटभर काहीच नाही. मग शेपटी हलली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामीने डोळे पुसले.

माझं लक्ष तिच्या पिशवीतल्या तीर्थाच्या बाटलीकडे होतं. उद्यापासून मामाचं इन्सुलिन बंद, फक्त तीर्थ, असं तिने ठरवलं होतं. वीस वर्षं सुया टोचून घेतलेला, शेजारीच बसलेला मामाही तयार झाला होता. सुटका कोणाला नको असते?

मी बाटलीतलं तीर्थ बोटावर घेऊन चाटलं. खारट! हे तर समुद्राचं पाणी.

पलीकडे मावशी, म्हणजे मामाची बहीण, बसली होती. ती बंदरावर मासळी निवडते. कामावरून थेट आल्यामुळे तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या होत्या. टाकीकडे बघून ती फिस्सकन हसली.

"अगं, ही तर आमची लोळणी! पलीकडच्या धक्क्यावर हिलाच मांजरमुशी म्हणतात. टोपलीत मेल्यासारखी पडते आणि धुवायला घेतली की हिसडा देते."

"वन्सं, हळू बोला ना!" मामी कुजबुजली.

मावशी उभीच राहिली. पिशवीतून बांगडा काढून म्हणाली, "महाराज, हा सकाळीच गेलाय. ह्यालाही उठवा."

"त्याचं आयुष्य संपलं होतं, माई."

"म्हणजे हिचं संपलं नव्हतं, असंच ना?"

मागच्या रांगेत कोणीतरी खो-खो हसलं. महाराजांना एकाएकी ध्यान लागलं.

घरी येताना मी मामीला समजावलं, "ही तळाशी राहणारी छोटी मुशी, म्हणजे लहान जातीचा शार्क. ओहोटीला डबक्यात अडकली की श्वास आणि ठोके मंद करून तासन्‌तास तग धरते. नाव नवं दिलं म्हणून मासा नवा होत नाही. जिवंत कसं केलं हे नंतर विचार, आधी तो मेला होता का ते विचार."

मामी बाटलीकडे बघत राहिली. जेवणाआधी मामानेच फ्रिज उघडला आणि इन्सुलिन तिच्या हातात दिलं.

"टोच. मी लोळणी नाही, बांगड्याच्या जातीचा आहे. एकदा गेलो की गेलो."