डाव्या पंखावरची दोन भोकं

मित्रांनो, काचेमागे, दिव्यांच्या झोतात उभी असलेली एखादी जुनी मोटार पाहिली की तुम्हाला वाटत असेल, हिचं नशीब थोर! मीही तशीच एक अमेरिकन मोटार आहे. वय पासष्टच्या पुढे. रंग फिकट पिस्त्याचा, पुढे क्रोमची रुंद जाळी आणि मागे पत्र्याचे दोन उंच, निमुळते पंख. त्या पंखांचा उडण्याशी काही संबंध नाही. त्या काळी अमेरिकेत लोकांना तशी हौस होती, एवढंच. लोक येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि जातात. माझं नशीब थोर की खोटं, ते माझी हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझे पत्रे जुळले ते १९५९ साली. बोटीतून मी कुवेतच्या बंदरात उतरले. आज माझा मालक आहे बद्र. त्याच्या आजोबांनी मला घेतलं. आमचं घर जहराला. तेव्हा तिकडे जाणारा रस्ता सुना असायचा. मी निघाले की मुलं धूळ खात माझ्यामागे धावायची. आजोबा थकले आणि मी त्यांच्या मुलाकडे, फहदकडे आले. फहद शाळेत भूगोल शिकवायचा. माझी लहानसहान दुरुस्ती तो स्वतःच करायचा आणि ती करताना गुणगुणायचा. लतीफाला नवरी म्हणून त्याने घरी आणलं ते माझ्यातूनच.

मग १९९०चा ऑगस्ट आला. परकं सैन्य देशात शिरलं. रस्त्यात नवी गाडी दिसली की शिपाई ती हिसकावून घ्यायचे. फहद हसून लतीफाला म्हणाला, "या म्हातारीला कोण हात लावणार?" माझ्या मागच्या सीटवर पिठाची पोती आणि पाण्याचे डबे ठेवून तो अडलेल्या घरांना पोहोचवायचा. बद्र तेव्हा पाळण्यात होता.

एके दिवशी सकाळी, शहराबाहेरच्या नाक्यावर शिपायाने हात वर केला. फहदने ब्रेक दाबला. पण माझे ब्रेक झिजलेले होते. मी थांबले, पण चार हात पुढे जाऊन. तेवढ्यात मागून दोन गोळ्या आल्या आणि माझ्या डाव्या पंखात घुसल्या. शिपायांनी फहदला खाली उतरवलं. उतरण्यापूर्वी त्याने माझं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. रोज घरी आल्यावर करायचा तसंच. त्याला घेऊन गेले ते गेलेच. तो जिवंत परतला नाही आणि त्याची मय्यतही सापडली नाही.

चार हात. एवढंच अंतर मी जास्त गेले.

शेजाऱ्यांनी मला दोर बांधून घरी ओढत आणलं. अंगणातल्या बोरीच्या झाडाखाली मी तेहेतीस वर्षं उभी होते. उन्हाने माझा रंग उडाला. वाळूच्या वादळांनी काचा खरवडल्या. टायर बसले, खालचा पत्रा गंजून गळला. पण डाव्या पंखावर कधी धूळ साचली नाही. दर शुक्रवारी लतीफा ओलं फडकं घेऊन यायची आणि तेवढाच भाग पुसायची. मग त्या दोन भोकांवर बोटं ठेवून हळू आवाजात फहदला सांगायची, "बद्रला दात आला." "बद्र शाळेत पडला, गुडघा फुटलाय." "बद्रचं लग्न ठरलं, तुझ्या बहिणीने मुलगी बघितली." अंगणाच्या दारात उभा राहून बद्र हे सगळं बघायचा. लहानपणी बघायचा, मोठा झाल्यावर बघायचा. जवळ मात्र कधी आला नाही.

मोठेपणी बद्रने ठरवलं की मला पुन्हा उभं करायचं. त्याने मला शुवैखमधल्या एका गॅरेजात पाठवलं. तिथे माझी गाठ नूरुद्दीनशी पडली. सगळे त्याला नूरी म्हणत. माणूस दाभोळचा. चिपळूणच्या गॅरेजात डेंटिंग शिकला आणि ऐन तारुण्यात कुवेतला आला. पत्र्याला पोचा आला की तो आधी डोळे मिटून तळहात फिरवायचा, मग हातोडी उचलायचा. रंगाचं काम देवदत्तकडे होतं. तो नांदेडचा.

पहिल्या दिवशी नूरीने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "देवा, हिला मेलेली म्हणू नको हां. हाडं शाबूत आहेत हिची."

देवदत्त म्हणाला, "हाडं काय करता नूरीभाई, अंगावर कातडंच राहिलं नाही की!"

माझं काम आठ महिने चाललं. इंजिन उतरवलं, धुतलं, त्याचे भाग अमेरिकेतून मागवले. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. बंपर क्रोम करायला गेले आणि आरशासारखे होऊन परत आले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला सुख होत होतं. इतक्या वर्षांनी कुणी मला हाताने चाचपत होतं, माझ्यासाठी घाम गाळत होतं.

एके दिवशी दुपारी लतीफा गॅरेजात आली. काळा अबाया, हातात खजुरांचा डबा. ती नूरीला माझ्या डाव्या बाजूला घेऊन गेली. "उस्ताद, सगळं नवं कर. फक्त ही दोन भोकं ठेव. माझा नवरा होता आत."

नूरीला अरबी बऱ्यापैकी यायची. त्याने छातीवर हात ठेवला. "अला ऐनी, खाला. डोळ्यांवर ठेवतो मावशी, तुमचा शब्द."

ती गेल्यावर त्याने खडूने त्या भोकांभोवती गोल काढला आणि देवदत्तला बजावलं, "इथे कुणी हात लावायचा नाही."

आठवड्याभराने बद्र आला. खडूचा गोल बघून त्याचा चेहरा उतरला. "हे भरायचं आहे. फेब्रुवारीत समुद्रकिनाऱ्यावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी हवी."

"साहेब, खालाला मी जबान दिली आहे."

बद्र त्या गोलापासून दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "नूरी, मला वडिलांचा चेहरा आठवत नाही. ही भोकंच आठवतात. आमच्या घरी दर शुक्रवारी मय्यत उठते आणि ती कधी दफन होत नाही. आई साठीला आली. तिने कधीतरी यातून सुटायला नको? भर ती. तिची समजूत मी घालीन."

नूरीने तीन दिवस त्या पंखाला हात लावला नाही. दारांचं काम काढलं, डिकीचं काढलं. त्याचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, संपायला दोन महिने होते आणि नव्या कागदावर सही करणारा गॅरेजचा मालक बद्रचा दोस्त होता. ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. बद्रचं बोलणं त्याला थोडं पटलंही होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्याने फक्त देवदत्तला सांगितली. "उजवा पंख बघ कसा उतरलाय. एक लाट नाही त्याच्यात. डावाही तसाच करावा असं हाताला वाटतंय रे."

"हाताला वाटतंय, पण तुम्हाला काय वाटतंय ते बघा की," देवदत्त म्हणाला.

चौथ्या दिवशी नूरीने कटर चालवला. नुसती लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरून भागवायची हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं. लांबी आज ना उद्या तडकते. त्याने भोकांसकट वीतभर पत्रा कापून काढला, तिथे नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला आणि हातोडीने असा मिळवला की त्याला स्वतःलाही जोड दिसेना. कापलेला तुकडा इतर गंजक्या पत्र्यांबरोबर ढिगात पडला. महिनाअखेर भंगारवाल्याचा ट्रक आला आणि ढीग उचलून घेऊन गेला.

आणि मी? मी त्या वेळी मनात म्हटलं, बरं झालं. ती चार हातांची चूक पुसली गेली. हे माझंही पाप आहे, मित्रांनो, म्हणून सांगते.

फेब्रुवारीत प्रदर्शन भरलं. थंडीचे दिवस, निळं पाणी, गाड्यांची रांग. लोक माझ्यासमोरून हलत नव्हते. नूरी फडकं घेऊन बोटांचे ठसे पुसत होता. तेवढ्यात बद्र आईला घेऊन आला. त्याने अजून तिला काही सांगितलं नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू करत दिवस गेले होते.

लतीफा हसत आली. तिने पुढची जाळी बघितली, दार उघडून सीटवरून हात फिरवला. मग सवयीने डाव्या बाजूला गेली. तिची बोटं पंखावरून सरकत गेली, मागे आली, पुन्हा गेली. गुळगुळीत. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुठे आहेत?"

बद्र म्हणाला, "आई, आता नको ना. लोक बघतायत."

ती नूरीकडे वळली. "उस्ताद, कुठे आहेत?"

नूरीला बद्रकडे बोट दाखवता आलं असतं. त्याने दाखवलं नाही. "मी काढली, खाला. या हातांनी."

ती ओरडली नाही. तिने बद्रला विचारलं, "लोकांना कबर असते. मला सांग, शुक्रवारी मी कुठे जाऊ?" आणि एकटीच गर्दीतून चालत निघून गेली.

मला त्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं. मागच्या काचेचं रबर बसवायचं राहिलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मला पुन्हा गॅरेजात आणलं. नूरी कामावर नव्हता. तो भंगाराच्या आवारात गेला होता. दोन दिवस त्याने तिथले ढीग उपसले. हातमोजे फाटले, तळहात कापले. सगळा पत्रा केव्हाच दाबून, गठ्ठे बांधून बोटीत चढवला होता. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि माझ्या चाकापाशी बसला.

"जहराला जाऊन आलो," तो देवदत्तला म्हणाला. "म्हटलं, रिकाम्या हाताने का होईना, तोंड दाखवावं."

"काय बोलल्या?"

"पाणी दिलं. तळहात बघितले. पट्टी आणून दिली." नूरीने पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवले. "म्हणाली, तुझी चूक कमी आहे उस्ताद, पण तुला माफ करायला मला वेळ लागेल. मी म्हटलं, खाला, लागू दे. एवढी वर्षं डेंटिंग केलं देवा, पण काय मोडलंय ते विचारलंच नाही कधी. नुसतं कुठे वाकलंय ते बघितलं."

त्याचा इकामा पुढे वाढला. वाढवला तो बद्रनेच, शब्द टाकून. पण त्यानंतर नूरीने जुन्या गाड्यांचं काम घेतलं नाही. फहाहीलला एका गॅरेजात तो आता साध्या रोजच्या गाड्यांचे पोचे काढतो, असं देवदत्त कुणाला तरी सांगत होता.

मी आता बद्रच्या दिवाणखान्यात, काचेच्या भिंतीमागे आहे. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, धुळीचा कण नाही. लतीफा इकडे येत नाही. ती शुक्रवारी कुठे जाते, मला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात बद्र एकटाच आत आला. दिवा न लावता माझ्या डाव्या बाजूला फरशीवर बसला आणि पंखावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तिने मला सलाम करणंही सोडलंय." पण बोलताना त्याचा हात थांबेना. तो ती जागा शोधत होता. थोडं वर, थोडं खाली. नूरीचं काम इतकं चोख आहे की ती जागा आता कुणालाच सापडणार नाही. अगदी मलासुद्धा.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू दुरुस्तीला काढाल तेव्हा तिचा गंज खुशाल काढा. पण एखादी खोक, एखादा चरा भरण्याआधी घरात फिरून या आणि प्रत्येकाला विचारा, हिच्यावर कुणाचा हात जातो? विचारायला लागतो तो एवढासा वेळ. आम्हाला वाचा नाही, आम्ही सांगू शकत नाही.