अर्ध्या गोळीचा वाटा

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला न्हाय. मुरुडच्या कोळीवाड्यात हे सांगायची सोय न्हाय, लोक हसतात. आणि तरी डॉक्टर म्हणाले, शिवदास, तुमच्या यकृतात चरबी साठलीय, ते कडक व्हायला लागलंय, आत्ताच ती उतरवली तर वाचेल. मी म्हटलं, बघा, न पिऊन काय मिळवलंत? हे हसले. मला काही हसू आलं न्हाय.

पनवेलच्या एका इस्पितळात नव्या गोळीची चाचणी चालली होती. तिथल्या डॉक्टर मैत्री मॅडम आपल्या म्हसळ्याच्या, म्हणून माझा जीव जरा थाऱ्यावर. त्यांनी नीट समजावलं. "यकृत स्वतःच चरबी बनवतं. भात, साखर जास्त झाली की त्याचीच चरबी होते. त्या कामाला एक एन्झाइम लागतं, ही गोळी त्याला अडवते. यकृत हलकं होतं, कोलेस्टेरॉलही थोडं उतरू शकतं. पण काहींच्या रक्तात दुसरी चरबी चढते, ट्रायग्लिसराइड. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं."

ह्यांच्याबरोबर तुळशीरामभावजीही गेले होते. ते आमच्या होडीचे तांडेल, सुकाणू त्यांच्या हातात. त्यांची बायको काशी वारल्यापासून दुपारचा डबा आमच्याच घरचा. त्यांचंही यकृत तसलंच. पण चाचणीत ह्यांना घेतलं, त्यांना न्हाय घेतलं.

तीन महिन्यांनी मॅडमनी यकृताचा नवा रिपोर्ट बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उतरायला हवी तेवढी चरबी उतरली नाही, काका. गोळी रोज घेता ना?"

"रोज घेतो," हे म्हणाले आणि चपलांकडे बघायला लागले. ते चपलांकडे बघणं मी पस्तीस वर्षं ओळखते.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच बंदरावर गेले. दोघं जाळं शिवत बसले होते. ह्यांनी खिशातून गोळी काढली, फळीवर ठेवली, जाळ्याच्या सुरीनं मधोमध कापली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली आणि अर्धी भावजींच्या तळहातावर ठेवली. तंबाखू मळून द्यावी इतक्या सवयीनं.

मी डबा फळीवर आपटला. "तुमची अक्कल काय सुकत घातलीय का दोघांची?"

"गोदू, ओरडू नको," हे म्हणाले. "होडीवर मिळेल त्याचे वाटे पडतात. ह्यानं मला दोनदा पाण्यातून ओढून काढलाय. आता मी एकट्यानं बरं व्हायचं, आन् ह्यानं बघत बसायचं?"

मला राग आला होता, आणि त्याच रागात ह्या माणसाचं कौतुकही वाटलं. मेलं ते कौतुक, वेळकाळ बघत न्हाय.

सकाळच्या एसटीनं दोघांना पनवेलला नेलं आणि मॅडमपुढं मीच सगळं ओकून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, त्या घाबरल्या. लगेच भावजींचं रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट आला, तो हातात धरून त्या समोर बसल्या.

"तुळशीरामकाका, तुमचं ट्रायग्लिसराइड आधीच जास्त होतं. म्हणून तर तुम्हाला नाकारलं, सांगितलं होतं मी."

"रक्तात चरबी जास्त हाय म्हणालात," भावजी म्हणाले. "मला वाटलं, मग गोळीची गरज मलाच जास्त."

"ते आता दुपटीच्या वर गेलंय. असंच चालू राहिलं असतं तर स्वादुपिंड सुजलं असतं. जिवावर बेतलं असतं काका." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "आणि शिवदासकाका, तुम्हाला आता चाचणीत ठेवता येणार नाही. माझ्या हातात नाही ते."

भावजींना दुसरी औषधं मिळाली. दोघांना भात, साखर कमी करून रोज चालायला सांगितलं. ज्याला वाचवायला निघालो त्यालाच मारत होतो, हे येताना ह्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं.

संध्याकाळी तिघांची ताटं वाढली. कुणी घास उचलेना.

"मासळीचे वाटे करता तेव्हा माणसाचा पडतो, जाळ्याचा पडतो, होडीचासुद्धा पडतो," मी म्हटलं. "गोळीचे दोनच केलेत. घराचा वाटा कुठं गेला?"

"तुला कशाला गोळी?" हे म्हणाले.

"गोळी न्हाय हो. तुम्ही दोघं मिळून रोज भीती गिळत होता. तीन महिने माझ्या बाजूला निजलात, मला एका शब्दानं बोलला न्हायत."

ह्यांनी भात चिवडला. मग मान वर केली. ह्या वेळी चपलांकडे न्हाय, माझ्याकडे बघितलं.

"मला लय भ्या वाटतं, गोदू."

"मलाबी," भावजी म्हणाले.

"मलाबी," मी म्हटलं, आणि दोघांच्या ताटांतला अर्धा अर्धा भात माझ्या ताटात काढून घेतला.