शुक्रवारी धुतलेले केस

गोजरबाईंची जट रविवारी सकाळी दहा वाजता कापायचं ठरलं होतं. शेवगावजवळच्या त्या गावात अंगणवाडी चालवणाऱ्या प्रज्ञाताईंनी त्यासाठी वर्षभरात चौदा चकरा मारल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी गोजरबाईंच्या केसांत गुंता झाला, देवीनं खूण दिली असं घरच्यांनी ठरवलं, आणि तेव्हापासून त्या केसांना ना पाणी लागलं, ना फणी. जट आता मनगटाहून जाड होती. मान दुखायची. उजव्या हाताला मुंग्या येऊन खुरपं गळून पडायचं. खुरपणीवर पोट असलेल्या बाईला ते चालण्यासारखं नव्हतं. म्हणून कसाबसा होकार आला होता.

शुक्रवारी सकाळी गोजरबाई प्रज्ञाताईंच्या अंगणात आल्या. रविवारी कात्री कोण धरणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तेवढ्यात घरातून दिशा बाहेर आली. दिशा प्रज्ञाताईंची मुलगी. शहरात नागापूरच्या कारखान्यात कामाला, राहायला तिथल्याच सावेडीत. आदल्या संध्याकाळी ती रजेवर आली तेव्हा डोक्याला स्कार्फ होता. आता नव्हता. खांद्यांवर बोटाएवढ्या चाळीस-पन्नास जटा लोंबत होत्या.

प्रज्ञाताईही त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मुलीनं सकाळी फणी का मागितली नाही आणि तेलाच्या बाटलीला हात का लावला नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

"व्हय ताई," गोजरबाई म्हणाल्या, "सोताच्या लेकीची ठिवायची आन माझी कापायची?"

"मावशी, ही हौस आहे तिची. ड्रेडलॉक्स म्हणतात. मलासुद्धा आत्ताच कळतंय."

"आईला म्हाईत न्हाई? मंग देवीनंच दिली की."

"देवीनं नाही, पुण्याच्या पार्लरमधल्या दोन पोरींनी," दिशा म्हणाली. "आठ तास बसवून सुईनं विणलंय."

"इनलंय? डोकं हाय का गोधडी?"

दिशा हसली. गोजरबाई हसल्या नाहीत. बसल्याही नाहीत.

"वार कंचा पाळती?"

"कुठलाच नाही. आठवड्यातून दोनदा धुते."

"जटा धुती? खोटं नगं बोलू पोरी."

"न धुऊन कसं चालेल? आधी मी आठवड्यातून एकदा शाम्पू करायची, रोज तेल चोपडायची. आता तेल बंद. ते आत चिकटून बसतं, मग वास मारतो."

गोजरबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"आज शुक्रवार हाय, देवीचा वार," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढं धू."

दिशानं बादली आणली. चमचाभर शाम्पू मगभर पाण्यात कालवला, बोटांनी टाळूला चोळला, भरपूर पाणी ओतलं आणि एकेक जट जुन्या टी-शर्टात पिळली. गोजरबाई पार जवळ आल्या. एक जट हातात धरून ओढून पाहिली. मग नाकाला लावली.

"रविवारपत्तुर बगते," त्या म्हणाल्या. "पोरीला काय झालं, तर माझ्या दारात यायचं न्हाई."

शनिवारी त्या दोनदा आल्या. एकदा ताक मागायला, एकदा तांब्या परत द्यायला. दोन्ही वेळा त्यांनी दिशाच्या कपाळाला हात लावला.

"गोळी तर न्हाई घेतली तापाची?"

"नाही हो आजी."

"शेरातल्या पोरींचं काय सांगावं," म्हणत त्या परत गेल्या.

रविवारी दहाला त्या आल्या, पण कात्रीकडे बघून त्यांनी मान हलवली.

"कापायची न्हाई. हिची धुऊन ऱ्हाती, तर माझीबी धुवा."

प्रज्ञाताई बोलणार होत्या. चौदा चकरा डोळ्यांपुढे असाव्यात. दिशानं आईचा हात दाबला आणि बादली भरली. पहिल्या तीन बादल्यांचं पाणी काळं निघालं, चौथीचं विटकरी, सातवीचं गढूळ. गोजरबाई उठल्या आणि ओल्या जटेच्या वजनानं मान एकदम मागे ओढली गेली. त्यांनी भिंत धरली.

"उन्हात बसा," दिशा म्हणाली. "माझ्या दुपारपर्यंत सुकतात. तुमची आतून सुकायला दोन दिवस जातील. ओल्या जटेवर झोपायचं नाही, बांधून ठेवायची नाही. आणि बुधवारी परत धुवायची."

"परत?"

"दर आठवड्याला दोनदा. ठेवायची म्हटलं की हे आलंच."

गोजरबाई तीन वाजेपर्यंत उन्हात बसल्या. जट वरून कोरडी दिसत होती. दाबली की पाणी यायचं. प्रज्ञाताईंनी पाणी दिलं, तर तांब्या गोजरबाईंच्या उजव्या हातातून निसटला आणि अंगणात गडगडत गेला.

त्यांनी डाव्या हातानं तांब्या उचलला.

"आना कात्री," त्या म्हणाल्या. "पन तुमी न्हाई ताई. हिनं धरायची. हिला काय व्हायचं आसतं, तर शुक्रवारीच झालं आसतं."

कापायला बराच वेळ लागला. प्रज्ञाताईंनी जट अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ठेवली. दोन किलो चारशे ग्रॅम भरली.

"काटा बराबर हाय ना?"

"गावातली सगळी लेकरं यावरच मोजते मावशी."

गोजरबाईंनी जट पिशवीत घालून स्वतःजवळ घेतली. दुसऱ्याच्या हाती देणार नाही, म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सात वाजता त्या पुन्हा दारात उभ्या होत्या, डोक्याला घट्ट पदर गुंडाळून. त्यांनी दिशाच्या कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या.

"दोगीबी गार हाय," त्या म्हणाल्या. "पन उद्या मंगळवार हाय, त्योबी देवीचाच. उद्या परत येते."

खुरपं उजव्या हातात घेऊन त्या कामाला गेल्या.