रिकाम्या नाकाचा दसरा

सीताफळाची बी आधी गुळगुळीत नसते. तिच्यावर गराचा अंगरखा असतो. जिभेनं तो सोडवला की बी काचेसारखी होते, आणि थुंकावीशी वाटत नाही.

कालव्याच्या कठड्यावर धोबी पक्षी आलाय. शेपटी खाली-वर, खाली-वर. कुठल्या तरी बर्फाच्या देशातून निघून नेमका हडपसरला.

अपेक्षित: लवंग. प्रत्यक्ष: काही नाही.

कंपनीच्या ग्रुपवर मेसेज: "गाईज, गेटजवळच्या सप्तपर्णी फुल्ल ब्लूममध्ये आहेत म्हणे. वास एवढा की सिक्युरिटीवाल्याचं डोकं दुखतंय." खाली हसरे चेहरे. दीड वर्षात कुणीही त्या गेटपाशी गेलेलं नाही.

ओल्या भुईमुगाची शेंग उकडलेली असेल तर दातांनी फोडताना आतलं खारट पाणी उडतं. ते कधी कुणाच्या चष्म्यावर जातं, कधी आपल्याच डोळ्यात.

अपेक्षित: निलगिरी. प्रत्यक्ष: काही नाही. थोडं गार.

ऑक्टोबरात सकाळचं ऊन ओट्यावर येतं, डाळींच्या डब्यांवर चढतं आणि कुणी बघायच्या आत निघून जातं. बघणारी एक बाई आहे.

हे सगळे तुकडे त्या बाईचेच. प्रियदर्शनी तिचं नाव. माहेर अकोल्याचं, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, घर हडपसरला, ऑफिस जेवणाच्या टेबलावर. एप्रिलमध्ये घरात सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचा गेला. तिचा जाताना वास घेऊन गेला.

डॉक्टरांनी चार बाटल्या करायला सांगितल्या होत्या: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. नाकाला रस्ता पुन्हा शिकवायचा. तपासणीला ती शेवटची गेली तेव्हा ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत वाट बघू. तोवर आला तर आला." पुढचं मास्कच्या वरचे त्यांचे डोळे बोलले.

नवरा, आमोद, रोज विचारायचा.

"काय टेस्टरबाई, आजचा रिपोर्ट?"

"फेल."

"चारही?"

"चारही."

"कन्सिस्टंट आहेस. अप्रेझलमध्ये घाल."

सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाची काळजी अशीच बाहेर पडते. सहा महिन्यांत तिला ते कळायला लागलं होतं.

अकोल्याहून आईचा फोन यायचा. "का वं, आला का वास?"

"येईल."

"येईल म्हंजे आला नाही."

"आई, येईल."

नाक गेल्यावर तिला बाकीच्या जगाचा भलताच नाद लागला. तांदूळ धुताना पाणी आधी दुधासारखं होतं आणि मग हळूहळू विचार बदलतं. फोडणीत मोहरी एकदम उडत नाही. एक दाणा पुढे जातो, बाकीचे त्याचं बघून निघतात. वाळत घातलेली चादर दुपारी कडक होते आणि घडी घालताना अंगातला वारा सोडते. हे सगळं आधीही होत असणार. ती तेव्हा कुठे होती कोण जाणे.

पण हवा होता तो एक वास. मुलीच्या डोक्याचा.

स्पृहा सहा वर्षांची. न्हाऊन आली की केसांतून ओलसर, गोडसर, जरासा पोळीच्या कडेसारखा वास यायचा. यायचा, एवढं आठवत होतं. कसा, ते पुसट व्हायला लागलं होतं. चेहऱ्यांचे फोटो असतात, आवाज फोनमध्ये राहतात. हा वास जगात दोनच ठिकाणी होता. एक त्या डोक्यावर आणि दुसरा हिच्या आठवणीत, आणि हे दुसरं ठिकाण बुजत चाललं होतं. मोठी झाल्यावर मुलीच्या डोक्याला तो वास राहत नाही, हेही तिला माहीत होतं. म्हणजे दोन्हीकडून घाई.

मध्ये एकदा वास आला होता. श्रावणात, भर दुपारी. रबर जळावं तसा. ती ओरडत उठली, गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, खाली वॉचमन दत्तोबांना फोन करून लिफ्टही बंद करायला लावली. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते, मेथीच्या जुड्यांसकट.

काहीही जळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नस सुधारताना मधूनच खोटं बोलते. आमोद म्हणाला, "फॉल्स पॉझिटिव्ह." सेक्रेटरी त्यानंतर तिच्यासमोर कधी लिफ्टमध्ये शिरले नाहीत. तेव्हापासून जळका वास आला तरी बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं. तो आला, अधूनमधून. ती बोलली नाही.

दसरा.

पाटावर मांडलं होतं ते असं: सासूबाईंची, हेमाताईंची, शिवणकात्री. विळी. आमोदचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर. स्पृहाची पाटी, तिच्यावर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, एका डोळ्यानं जरा मोठी. आणि शेवटी मोकळी जागा.

"लॅपटॉप आण," हेमाताई म्हणाल्या.

"आई, तो चालू आहे. अमेरिकेत गुरुवारची संध्याकाळ चाललीय, नव्या व्हर्जनचा रिलीज आहे. टेस्ट्स लावल्यात."

"मग?"

"बंद नाही करता येणार."

"बंद कर म्हटलं का मी? पूजा करायचीय. पोट भरतं ना त्याच्यावर?"

आमोद उदबत्त्या सोडवत होता. "आई, लोक रिक्षाची पूजा करतात तेव्हा आधी इंजिन बंद करतात."

"तू रिक्षा चालवतोस का? मग गप्प बस."

लॅपटॉप आला, चार्जरच्या वायरीसकट. कात्रीला हळद-कुंकू, विळीला हळद-कुंकू. लॅपटॉपला लावताना हेमाताईंचं बोट टचपॅडवर टेकलं आणि स्क्रीनवरची खिडकी टुणकन खाली गेली.

"नमस्कार केला त्यानं," स्पृहा म्हणाली.

मग हार. सकाळी हेमाताईंनी स्वतः ओवलेला, जाड, केशरी झेंडूचा, मधून आंब्याची पानं. विळीला एकेक फूल पुरलं, हार लॅपटॉपला. स्क्रीनच्या माथ्यावरून तो मागे सोडला आणि मागे बिजागरीपाशी त्याचा ढीग झाला.

"आता उत्तरपूजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," हेमाताई म्हणाल्या आणि पुऱ्या तळायला आत गेल्या.

प्रियदर्शनी लांब सोफ्यावर बसून आपल्या स्वतःच्या लॅपटॉपकडे बघत राहिली. फुलांच्या आड हिरव्या ओळी सरकत होत्या. पास. पास. पास. आतला पंखा चांगलाच घोंगावत होता. जड टेस्ट असणार, असं तिला वाटलं.

अपेक्षित: काही नाही.
प्रत्यक्ष:

कडू.

हा शब्द तिला नंतर सुचला. आधी शब्द नव्हताच. नाकाच्या आत, वर, डोळ्यांच्या मागे, इतके महिने बंद असलेल्या खोलीत कुणीतरी दिव्याचं बटण दाबावं, आणि दिवा लागायच्या आधी नुसती ट्यूबलाइट फडफडावी, तसं. कडू. हिरवं. काहीतरी उकडल्यासारखं.

ती हलली नाही. हलली असती तर सांडलं असतं.

मग श्रावण आठवला. लिफ्ट, मेथी. तिनं तोंड उघडलं नाही.

आमोद धूप फुंकत होता. आत तेल तापलं होतं. देवापुढे तुपाचं निरांजन. घरात त्या घटकेला वासांची जत्रा असणार आणि तिच्यापर्यंत त्यातलं कुणीही आलं नव्हतं. आलं ते हे एकटंच. बिननावाचं.

ती उठली. आधी स्वयंपाकघर.

"काय गं?" हेमाताई झारा हलवत म्हणाल्या.

"काही नाही."

तिथं वास नव्हता. गॅलरीत गेली. नव्हता. न्हाणीघरात जाऊन दार लावून उभी राहिली, डोळे मिटून. काहीच नाही. नेहमीची ती पोकळी.

ती हॉलमध्ये परत आली.

होता.

एखाद्या माणसाला सांगून जावं, थांब, आलेच, आणि तो खरोखरच तिथंच थांबलेला असावा! श्रावणातला वास तिच्याबरोबर खोल्याखोल्यांतून फिरला होता, कारण तो तिच्या डोक्यातच होता. हा जागेवर होता. याला पत्ता होता.

ती दोन पावलं पुढे गेली. वाढला. बाजूला सरकली. कमी झाला. पुन्हा पुढे. आमोद धूप हातात धरून बघत होता. ही मान पुढे काढून, आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरीसारखी हळूहळू पाटाकडे चालली होती.

"काय करतेयस?"

तिनं हात वर केला. बोलू नकोस.

गुडघ्यावर बसली. कात्री नाही. पाटी नाही. लॅपटॉपच्या मागे नाक नेलं आणि वास एकदम उभा राहिला, आख्खा, कोपऱ्यांसकट. बिजागरीच्या फटीतून गरम हवा फणफणत बाहेर येत होती, आणि तिच्या तोंडावरच झेंडूचा ढीग. कडेच्या पाकळ्या तपकिरी होऊन आक्रसल्या होत्या. ती गरम फुलं श्वास सोडत होती.

झेंडू.

नाव आलं आणि नावामागून बाकीचं आलं. अकोल्यात दाराला तोरण बांधताना बोटांना लागलेला तो कडवट चिकटा, जेवायला बसलं तरी न जाणारा. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात सुकलेले हार. शाळेतल्या पाटीपूजनाचा ओला कोळसा. एका फुलात एवढं बसतं? कुठे ठेवलेलं असतं ते, एवढे महिने, कुणी राखलं?

"अगं, चटका बसेल! जळतंय ते!" आमोद धावला. "आई! तुझ्या हारानं लॅपटॉपचा गळा दाबलाय!"

"हलवू नकोस रे, पूजेतलं आहे!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ हेमाताई झाऱ्यासकट आल्या. तेल थेंबथेंब फरशीवर.

आमोदनं हाराला हात घातला.

"थांब," प्रियदर्शनी म्हणाली.

"लॅपटॉप जाईल."

"जाऊ दे. थांब."

स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला. घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत ती जमिनीवर वाकून झेंडूत नाक खुपसून बसली होती. पाठ हलत होती. रडतेय की हसतेय ते मागून कळत नव्हतं.

आमोद कळायला जरा मंद. मग कळलं.

"आला?"

तिनं मान हलवली.

"खरा?"

"जागेवर आहे. मी जाऊन आले, तरी इथंच होता."

धूप आमोदच्या हातातच होता, त्याची राख पायावर पडली तरी त्याला समजलं नाही.

हेमाताईंनी झारा पाटावर ठेवला, विळीशेजारी, पूजेत. बसल्या. हार स्वतःच उचलला आणि सुनेच्या ओंजळीत दिला.

"आम्हाला कसा आला नाही गं हा वास?"

"तुमची नाकं भरलेली होती, आई. उदबत्ती, धूप, पुऱ्या. माझं रिकामं होतं."

नंतर चार बाटल्या आणल्या. आमोदनंच टोपणं उघडली. लवंग: नाही. लिंबू: नाही. गुलाब: नाही. निलगिरी: नाही, नुसतं गार. पुन्हा झेंडू: आहे. ती हसायला लागली. जगातल्या सगळ्या वासांतून हा एकच, बाकी अजून अंधार. पण रात्री रानात एक घर दिसलं की तिथं गाव आहे हे कळतंच ना.

फोन वाजत होता. अमेरिका असणार. कुणी उचलला नाही.

"मम्मा, आता माझा घे," स्पृहा म्हणाली आणि डोकं पुढे केलं. सकाळीच न्हायली होती.

प्रियदर्शनीचे हात थांबले. घ्यावा की घेऊ नये. दिवाळी दोन-तीन आठवड्यांवर. आज नसला तर नसल्याचं कळणार होतं, आणि आजचा दिवस तसा नव्हता.

तिनं वाकून श्वास घेतला.

केस. ऊब. काही नाही.

स्पृहानं मान तिरकी करून आईचा चेहरा पाहिला. मुलांना रिपोर्ट लागत नाहीत. तिनं ओंजळीतल्या हारातून मूठभर गरम पाकळ्या ओरबाडल्या, स्वतःच्या डोक्यावर टाकल्या आणि दोन्ही हातांनी केसांत खसाखसा चोळल्या, कपाळावर केशरी डाग पडेपर्यंत.

"आता घे."

तिनं घेतला. कडू, हिरवा, उन्हाचा. खाली ओले केस, आणि त्या केसांत तिचं बोट, तिचं नाक, तिचं पोर.

"आला माझा?"

"आला."

हेमाताई उठल्या. आत कढईतलं तेल धुरायला लागलं होतं.

त्या दिवशी सकाळी हडपसरच्या मंडईत, फुलांच्या ढिगांपाशी, हेमाताईंनी दीड वर्षात पहिल्यांदाच घराबाहेर मास्क खाली केला होता, आणि विकत घेण्याआधी प्रत्येक पाटीतला झेंडू नाकाशी धरून पाहिला होता; घेतला तो सगळ्यांत उग्र वासाचा.