शेकाची पिशवी

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात कापड सरकू नये म्हणून ठेवायची वजनं वाळूची होती. धाकटा भाऊ वाळूच्या कारखान्यात कामाला. किनाऱ्यावरची काळी वाळू त्यानेच डबाभर आणून दिलेली. दिसायला बारीक, हातात घेतली की शिशासारखी जड. मास्तरांनी तिच्या लहान पिशव्या शिवल्या. लेकीला दिवस गेले, कंबर धरू लागली, तेव्हा एक मोठी पिशवीही शिवली. तापवली की ही वाळू लवकर निवत नसे. लेक दिवसभर ती पाठीशी घेऊन काजं करत बसायची.

"नवऱ्यापेक्षा हीच बरी बाबा," ती म्हणायची. "कुरकुर तरी करत नाही."

त्या दिवशी धाकटा धापा टाकत दुकानात शिरला. हातात रिकामं पोतं.

"दादा, पिशव्या दे सगळ्या. मशीन घेऊन सरकारी मॅडम गल्लीत आल्यात, घरोघर वाळू तपासतायत. मी खाडीत टाकून येतो."

"वाळू चोरलीस म्हणून पेपरात फोटो येईल तुझा, काका," लेक हसत म्हणाली.

धाकटा हसला नाही. लहान पिशव्या त्याने भराभर पोत्यात कोंबल्या आणि लेकीच्या पाठीमागे हात घातला. "हीपण."

"साधी वाळूच ना ती? मग फेकायची कशाला?"

"अगं, तिच्यात एक पिवळसर दाणा असतो. तो वेगळा काढायचा, साठवायचा, तर सरकारचा परवाना लागतो. कारखान्यातून खिसाभरसुद्धा बाहेर न्यायची नाही."

"एवढा महाग असतो?" मास्तरांनी विचारलं.

धाकट्याने मान खाली घातली. "महाग आहेच. पण त्यातून काहीतरी निघतं, दादा, एक्स-रेसारखं. दिसत नाही, वास नाही. आम्हाला छातीवर बिल्ला देतात. कुणाला किती लागलं, ते त्यावरून तपासतात."

 मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. तिचा हात आपसूक पोटावर गेला होता. तिच्या छातीवर कुठला बिल्ला?

"मला ठाऊक नव्हतं तू हिच्यासाठी घेशील," धाकटा पुटपुटला. "मी वजनांसाठी दिलेली. दे ना. नोकरी जाईल, आत टाकतील मला. पोरं आहेत माझी."

मास्तरांनी मोठी पिशवी उचलली. क्षणभर त्यांनाही वाटलं, जाऊ दे खाडीत, सुटलो. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ही पिशवी गेली तर पोरीला किती लागलं, ते कोण सांगणार?"

"दादा, पाया पडतो."

"पड. पण पिशवी मिळायची नाही."

धाकटा मटकन स्टुलावर बसला. पळालाही नाही. थोड्या वेळाने मॅडम दारात आल्या, तेव्हा तिघंही तशीच होती. मॅडमच्या हातातलं यंत्र सावकाश टकटक करत होतं. मास्तरांनी पिशवी टेबलावर ठेवली. यंत्र जवळ येताच टकटक इतकी दाट झाली, की मोजता येईना.

"कुणी आणली?"

मास्तर टेबलावरची कात्री उगाच सरळ करू लागले. सख्खा भाऊ.

"मी," धाकटा म्हणाला.

"लेक पाठीशी घेते ही, शेकायला," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?" मॅडमनी तिला विचारलं.

"कंबर दुखायला लागल्यापासून. रोजच," लेक म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने पोटावरचा पदर बाजूला केला. "मॅडम, ते इथे लावून बघा ना."

मॅडमनी यंत्र खाली घेतलं. "याला फक्त वाळूतलं कळतं. आत काय झालं ते याला कळत नाही. कदाचित काहीच झालं नसेल. वाळू प्रयोगशाळेत तपासू, मग डॉक्टर सांगतील."

"कधी?"

"वेळ लागेल."

जाड डब्यात पिशवी आणि पोतं बंद झालं. धाकटा मॅडमच्या जीपमध्ये बसला. त्याने वळून पाहिलं नाही आणि मास्तरांनीही हाक मारली नाही.

दुकानात दोघंच उरली. लेकीने बापाचा हात ओढून पोटावर ठेवला.

"हलतंय का, बाबा? नीट हलतंय ना?"

तळव्याखाली हालचाल झाली. मास्तरांनी मान डोलावली. मग हालचाल थांबली, आणि पुन्हा होईपर्यंत दोघांनीही श्वास घेतला नाही.