नीलांबरीबाई, मी आणि आंतीबचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. मराठीत मला चाकांची खुर्ची म्हणतात. पण अमेरिकेत, सनीव्हेलच्या ज्या घरात मी राहायला गेले, तिथे बरेच दिवस माझं नाव 'तो गाडा' असं होतं. ते नाव नीलांबरीबाईंनी ठेवलं होतं, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नव्हतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवून माझा सांगाडा घडवला, त्याला निळा रंग दिला, काळ्या जाड कापडाची बैठक ताणून बसवली. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान. तिथून मी सांता क्लारातल्या एका दुकानात आले. तुम्ही सायकल घ्यायला जाता तेव्हा किती आनंदात असता! माझ्याकडे मात्र कुणी हौसेने बघत नसे. मला न्यायला येणाऱ्या माणसाचा चेहरा उतरलेलाच असतो. परीक्षितचाही तसाच होता. तो चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. त्याची आई स्वयंपाकघरात ओल्या फरशीवरून घसरली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण पाय अजून भार घेत नव्हता.

ती आई म्हणजे नीलांबरीबाई. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. वर्गात त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. नकाशासमोर उभं राहून शिकवायचं, हा त्यांचा नियम. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे आल्या. अशा बाईंना माझ्यात बसायला सांगितलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. त्या बसल्या, पण पाठ टेकली नाही. घरातल्या घरात त्या मला वापरत. दाराची बेल वाजली की मात्र सुनेला म्हणत, "राधिका, मला आधी सोफ्यावर बसव. आणि तो गाडा आत ने."

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जाणं त्यांनी बंद केलं. खाली बागेत जाणं बंद केलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईला त्या रोज काहीतरी कारण सांगत. डॉक्टर म्हणत, पाय चालेल, पण चालवायला हवा. नीलांबरीबाई मान डोलावत आणि खिडकीबाहेर बघत बसत.

त्या उन्हाळ्यात परीक्षितने फ्रान्सला जायचं ठरवलं. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर आंतीब नावाचं गाव आहे. एका बाजूला जुनी दगडी तटबंदी, दुसऱ्या बाजूला जगातल्या श्रीमंतांच्या नौकांचं बंदर, आणि समोर निळा भूमध्य समुद्र. नीलांबरीबाई म्हणाल्या, "तुम्ही जा. मी इथे राहते. मला त्या गाड्यावर बसून जगापुढे मिरवायचं नाहीये."

राधिका त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "आई, भूमध्य सागरी हवामान हा धडा तुम्ही किती वर्षं शिकवलात?"

"निवृत्त होईपर्यंत."

"आणि तो समुद्र बघितला कधी?"

"नकाशात," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "विमानात तो गाडा नेता येतो का गं?"

अशी मी निघाले. विमानात मला सामानाच्या पोटात, कुणाच्या तरी गोल्फच्या पिशवीशेजारी आडवं ठेवलं. तिथला गारठा काय सांगू! पण नीस शहराच्या विमानतळावर मला उलगडलं, आणि उन्हाचा असा उबदार हात पाठीवर पडला की सगळं विसरले.

आंतीबचं बंदर तुम्ही पाहायला हवं होतं. इमारतीएवढ्या पांढऱ्या नौका ओळीने उभ्या होत्या. काहींच्या डोक्यावर हेलिकॉप्टर, काहींच्या अंगणात पोहण्याचा तलाव. स्वच्छ पांढरे कपडे घातलेली मुलंमुली काचा पुसत होती, पितळी दांडे चमकवत होती. कडेच्या हॉटेलांमध्ये गॉगल लावलेले लोक लिंबाच्या चकत्या घातलेली थंड पेयं पीत होते. बारा वर्षांची रुही, परीक्षितची मुलगी, प्रत्येक नौकेचं नाव मोठ्याने वाचत होती. "आजी, लुक! याच्यावर तर स्लाइड आहे!"

नीलांबरीबाई मात्र झाडांकडे बघत होत्या. "हे ऑलिव्ह. ही बोगनवेल. ही कण्हेर. अरे, हे सगळं तर आपल्या सनीव्हेलच्या पार्किंगमध्ये आहे!"

"म्हणजे काय, आई?" परीक्षितने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? कॅलिफोर्नियाचं हवामानही याच प्रकारचं. कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस. एवढं विमानात बसून शेजारच्याच अंगणात आलो म्हणायचं!" त्या हसल्या. मला त्यांचं हसू पहिल्यांदाच पाठीतून जाणवलं, कारण हसताना त्यांनी पाठ टेकली.

पण मित्रांनो, ते हसू फार टिकलं नाही.

परीक्षितने समुद्रात फेरी मारण्यासाठी एक छोटी नौका ठरवली होती. आईला सरप्राइज द्यायचं म्हणून त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही धक्क्यावर पोहोचलो. पाहतो तर धक्क्यावरून नौकेत जायला एक अरुंद फळी, तीही हलती. माझी चाकं तिच्यावर मावणारच नव्हती. नौकेवरच्या माणसाने माझ्याकडे पाहून हात पसरले आणि परीक्षितला म्हणाला, खुर्ची इथेच राहू दे, आम्ही दोघं मिळून त्यांना उचलून घेतो.

"चालेल ना, आई? दोन मिनिटांचं काम आहे," परीक्षित म्हणाला, आणि वाकून त्यांच्या काखेत हातही घातला.

"थांब. मला उचलायचं नाही."

"अगं, पडू नाही देणार."

"पडण्याचं नाही रे. मी सामान नाहीये. इतक्या लोकांसमोर मला गाठोड्यासारखं आत टाकणार का?"

शेजारच्या हॉटेलातले काही लोक वळून बघत होते. परीक्षितचा चेहरा लाल झाला. तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. आईला आनंद व्हावा म्हणून महिनाभर तो बेत आखत होता. पण थकलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी भलतंच निघून जातं.

"मग आलीस कशाला, आई?" तो म्हणाला.

नीलांबरीबाईंची बोटं माझ्या हातांवर आवळली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "रुहीला घेऊन जा तू. ती किती वाट बघतेय. मी आणि राधिका इथे फिरतो."

नौका गेली. राधिका मला ढकलत राहिली. बंदर मागे पडलं, तटबंदीला वळसा घालून आम्ही पलीकडे आलो. माझ्या हातावर दोन थेंब पडले. ते घामाचे नव्हते.

तटबंदीपलीकडे वाळूचा किनारा होता. तिथे निळ्या पाटीवर माझंच चित्र काढलेलं होतं: चाकांची खुर्ची, आणि तिच्याखाली पाण्याच्या लाटा. वाळूवर पाण्यापर्यंत एक चटई अंथरली होती. पिवळा टीशर्ट घातलेली एक मुलगी आमच्याकडे आली. आजवर सगळे लोक मला ढकलणाऱ्याशी बोलत. ही मुलगी राधिकाशी बोललीच नाही. ती नीलांबरीबाईंसमोर गुडघ्यांवर बसली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मादाम, तुम्हाला पाण्यात जायचंय का?"

तिच्या मागे एक वेगळीच खुर्ची होती. पिवळी, फुग्यांसारखी जाड चाकं, दोन्ही बाजूंना तरंगणारे हात. ती पाण्यात जाऊ शकत होती.

"मी? या वयात?" नीलांबरीबाई म्हणाल्या. मुंबईला आणि गोव्याला त्यांनी समुद्र पाहिला होता, पण पावलं भिजवण्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी राधिकाकडे पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"पाण्यातला व्यायाम सगळ्यात चांगला, असं म्हणाले होते. पण आई, तुम्हाला वाटलं तरच. नाहीतर आपण इथे बसून आइस्क्रीम खाऊ."

नीलांबरीबाईंनी समुद्राकडे पाहिलं. मग पंजाबी ड्रेसची ओढणी काढून घडी घातली. "आइस्क्रीम नंतर," त्या म्हणाल्या.

त्या मुलीने आणि राधिकाने आधार दिला आणि त्या माझ्यातून उठून त्या पिवळ्या खुर्चीत बसल्या. माझ्या बैठकीवर त्यांनी चष्मा आणि ओढणी ठेवली, खाली चपला काढून ठेवल्या. राधिकाने आपला फोन माझ्या पाठीमागच्या खिशात टाकला आणि तीही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरली.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून त्यांना मी आणलं, आणि समुद्रात त्यांना दुसरीच घेऊन गेली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मग चाकं वाळूवरून सुटली आणि ती खुर्ची तरंगू लागली. नीलांबरीबाईंनी पहिल्यांदा तिचे हात घट्ट धरले होते; हळूहळू ते सोडले. त्यांचे पाय पाण्यात हलू लागले. दोन्ही पाय! जो पाय घरी कितीही विनवण्या केल्या तरी उचलला जात नव्हता, तोही. तेव्हा माझं वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं.

इतक्यात माझ्या खिशातला फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मला हात असून काय उपयोग, ते फक्त टेकण्यासाठी! नौका परत आली होती. परीक्षितला धक्क्यावर कुणी दिसलं नाही, म्हणून तो फोन करत होता.

थोड्या वेळाने तो तटबंदीच्या वळणावर दिसला. रुहीचा हात धरून भराभर येत होता. त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो जागच्या जागी थांबला. त्याला काय दिसलं, याचा विचार करा. पाण्याच्या कडेला त्याच्या आईची रिकामी खुर्ची. तिच्यावर चष्मा. ओढणी. खाली जोडीने ठेवलेल्या चपला. आणि ज्या बाईला तो मघाशी 'आलीस कशाला' म्हणाला होता, ती कुठेच नाही.

तो धावत आला. त्याने माझी मूठ घट्ट धरली. "आई!" तो ओरडला. लहान मूल गर्दीत ओरडतं, तसा. "आई!"

"अरे, ओरडतोस काय? इथे आहे मी!"

आवाज समुद्रातून आला. नीलांबरीबाई त्या पिवळ्या खुर्चीत पाठ टेकून पाण्यावर आडव्या झाल्या होत्या, शेजारी राधिका होती. केस ओले, चेहऱ्यावर ऊन.

"आजी, यू आर फ्लोटिंग!" रुही किंचाळली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरली. परीक्षितही बूट न काढता आत गेला. छातीएवढ्या पाण्यात तो आईजवळ उभा राहिला.

"सॉरी, आई. मी मघाशी..."

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "मलाही नीट सांगता आलं नाही. आपल्याला कुणी विचारलं तर बरं वाटतं, एवढंच होतं." मग त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं. "अरे, चाखून बघ. बाष्पीभवन जास्त, येऊन मिळणाऱ्या नद्या कमी, म्हणून हा समुद्र महासागरापेक्षा खारट. इतकी वर्षं शिकवलं. आज चव कळली."

परीक्षितने खरंच बोट बुडवून चाखलं. मग तो हसू लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. सगळंच पाणी खारट, कुणाला काय कळणार?

आंतीबला आम्ही आणखी काही दिवस होतो. रोज सकाळी त्या मला म्हणत, "चल गं." हो, मला! 'तो गाडा' हे नाव त्यांनी समुद्रात सोडून दिलं. सनीव्हेलला परतल्यावर त्यांनी व्यायामाच्या बाईला स्वतः फोन केला. आधी वॉकर आला, मग काठी आली. आणि मी गॅरेजमध्ये गेले.

तुम्हाला वाटेल, मी दुःखी झाले असेन. मित्रांनो, मी अशी वस्तू आहे की माझी गरज संपणं हीच माझ्या कामाची पावती. अडगळीत जाण्याचं मला दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. मला कुणी पुसलं नव्हतं. समुद्राचं मीठ माझ्या सांध्यांत राहिलं आणि गंज चढत गेला. कुणी माझ्यावर नाताळच्या दिव्यांचा खोका ठेवला, कुणी रुहीचे जुने स्केट्स. एक चाक फिरेनासं झालं.

पुढे शेजारची सावनी दारात आली. ती विद्यापीठात संशोधन करत होती, आणि तिला पीएचडी मिळणार होती. समारंभासाठी तिचे बाबा, प्रल्हादकाका, पुण्याहून आले होते. पण त्यांचा गुडघा अचानक इतका सुजला की उभं राहणंही कठीण. "मैदान खूप मोठं आहे. बाबा म्हणतात, मी घरीच थांबतो," सावनी म्हणाली.

परीक्षितने मला बाहेर काढलं. मी करकरले. ब्रेक ओढला तर तो लागलाच नाही. "ही गेली कामातून," तो म्हणाला. "फेकून देऊ. मी नवीन मागवतो."

"नवीन येईपर्यंत समारंभ थांबणार आहे का?" नीलांबरीबाई काठी टेकत आल्या. "पाना आण. आणि तेल."

त्या रविवारी मायलेक माझ्याजवळ बसले. त्याने चाकं सोडवली, त्यांनी जुन्या ब्रशने एकेक सांधा घासला. ब्रेकची वायर नवी घातली. मग नीलांबरीबाईंनी ब्रेक लावून मला सगळा जोर लावून ढकललं. मी जागची हलले नाही. त्या म्हणाल्या, "आता ही कुणालाही द्यायला हरकत नाही."

समारंभाच्या दिवशी प्रल्हादकाका माझ्यात बसले. संकोचाने अंग चोरून बसले होते. ऊन चढलं, नावं पुकारली जाऊ लागली. लांबून 'सावनी' असं ऐकू आलं, आणि काकांनी माझे दोन्ही हात धरले. सगळा भार माझ्यावर टाकला आणि ते हळूहळू उठून उभे राहिले. उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाऊलभरही मागे सरकले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी, गॅरेजमध्ये, माळ्यावर माझी एखादी बहीण घडी करून ठेवलेली असेल. तिच्यावर खोके रचू नका. अधूनमधून तिला पुसा, तेलाचा थेंब द्या, गरज असेल त्याच्या घरी पोहोचवा. आणि देण्यापूर्वी तिचा ब्रेक नक्की तपासा. तिच्या भरवशावर कुणीतरी उठून उभं राहणार असतं.